संदेशालाही वाफसा हवा : स्वयंचलित संदेशमालिकेतील विलंबाचे नियोजन

चांगला पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच औत जमिनीत घालत नाही. तो वाफसा येण्याची वाट पाहतो. ही प्रतीक्षा किती दिवसांची असेल, हे आधी सांगता येत नाही. भारी काळ्या जमिनीत ती लांबते, तर हलक्या मुरमाड जमिनीत लवकर संपते. जमिनीची अवस्था पाहून कामाचा क्षण ठरविणे ही शेतीतील सर्वांत जुनी शिस्त होय. मोबाइलवरून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या सल्ल्यांच्या आणि विक्रीच्या संदेशांत मात्र ही शिस्त पुष्कळदा हरवलेली दिसते. मे महिन्यात कार्यालयात बसून ‘इतक्या दिवसांनी हा संदेश, त्यानंतर तितक्या दिवसांनी तो’ असे आकडे भरले जातात आणि पुढे संपूर्ण हंगामभर यंत्रणा त्या आकड्यांप्रमाणे चालत राहते.

शेतकऱ्यांना मोबाइलवर सल्ला देण्याची कल्पना आता नवी राहिलेली नाही. केंद्र शासनाच्या किसान कॉल सेंटरची सुरुवात २१ जानेवारी २००४ रोजी झाली, तर एम-किसान या एसएमएस सेवेचे उद्घाटन १६ जुलै २०१३ रोजी झाले. आज कृषी विज्ञान केंद्रे, शेतकरी उत्पादक कंपन्या, दूध संघ आणि थेट ग्राहकांना माल विकणारे शेतकरी एसएमएस, ध्वनिसंदेश आणि व्हॉट्सॲप या तिन्ही माध्यमांचा वापर करीत आहेत. व्यापारी कंपन्या ग्राहकांशी संपर्क ठेवण्यासाठी जी स्वयंचलित विपणन साधने वापरतात, तीच साधने आता कृषी संस्थांच्याही हाती आली आहेत. या साधनांत संदेशाचा मजकूर लिहिण्याकडे भरपूर लक्ष दिले जाते. दोन संदेशांमधील विलंब मात्र एका चौकटीत अंक भरून उरकला जातो. प्रत्यक्षात मजकूर कितीही अचूक असला, तरी तो उपयोगी ठरणार की निरर्थक, हे त्या अंकावर अवलंबून असते.

मालिकेची रचना

स्वयंचलित संदेशमालिकेत, म्हणजेच वर्कफ्लोमध्ये, मुख्यतः पाच घटक असतात. मालिका सुरू करणारी घटना, पाठवायचा संदेश, पुढील टप्प्यापूर्वीचा विलंब, संदेश पाठविण्यापूर्वी तपासायची अट आणि मालिकेतून बाहेर पडण्याचा नियम, हे ते पाच घटक होत. एखाद्या सभासदाने नाव नोंदविले की स्वागताचा संदेश जातो, तीन दिवसांनी माहितीचा, दहा दिवसांनी विक्रीचा, ही त्याची सर्वांत साधी रचना. साबण किंवा कपडे विकणाऱ्या दुकानाला ती पुरेशी असते, कारण ग्राहकाने नाव नोंदविले त्या दिवसापासूनच त्याचे आणि दुकानाचे नाते सुरू होते.

शेतीत तसे नसते. शेतकऱ्याने नाव केव्हा नोंदविले, याच्याशी पिकाला काहीही कर्तव्य नसते. पिकाचे वय पेरणीपासून मोजले जाते, जनावराच्या गाभण काळाची गणती रेतनाच्या दिवसापासून होते आणि फळाच्या पिकण्याची गणती तोडणीपासून. त्यामुळे कृषी संदेशमालिका उभारताना पहिला प्रश्न ‘किती दिवस थांबायचे?’ हा नसून ‘दिवस कोठून मोजायचे?’ हा आहे.

दिवस कोठून मोजायचे?

कपाशीचे उदाहरण घेऊ. गुलाबी बोंडअळीच्या निरीक्षणासाठी लागवडीनंतर साधारण ४५ दिवसांनी कामगंध सापळे लावण्याची शिफारस आहे. समजा, एका उत्पादक कंपनीने १ जून रोजी सर्व सभासदांची नावे यंत्रणेत भरली आणि नोंदणीपासून ४५ दिवसांचा विलंब ठेवला. तो संदेश १६ जुलै रोजी जाईल. एका सभासदाने २० जूनला लागवड केली असेल, तर त्या दिवशी त्याचे पीक २६ दिवसांचे असेल. पाऊस लांबल्यामुळे ५ जुलैला लागवड करणाऱ्याचे पीक जेमतेम ११ दिवसांचे असेल. लागवडीपासून मोजल्यास पहिल्याला ४ ऑगस्ट रोजी आणि दुसऱ्याला १९ ऑगस्ट रोजी हा संदेश मिळायला हवा. मजकूर, सापळा, कीड आणि दिवसांचा आकडा हे सारे बरोबर असूनही केवळ आरंभबिंदू चुकल्यामुळे सल्ला निकामी होतो.

देशभराचा विचार केला, तर हा फरक आणखी वाढतो. पंजाब, हरियाणा आणि राजस्थानच्या बागायती पट्ट्यात कपाशीची लागवड मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत होते. महाराष्ट्र, तेलंगणा आणि मध्य प्रदेशातील कोरडवाहू क्षेत्रात ती जून-जुलैच्या पावसावर होते, तर तमिळनाडूतील हिवाळी कपाशी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लावली जाते. एकच ‘४५ दिवसांचा’ संदेश सिरसा येथे जूनमध्ये, अकोल्यात ऑगस्टमध्ये आणि तमिळनाडूत ऑक्टोबरच्या सुमारास पोहोचणे हेच योग्य ठरते. कॅलेंडरची एकच तारीख सर्वांना लावणारी मालिका यांपैकी बहुतेकांना चुकीच्या वेळी संदेश देईल.

चुकलेल्या संदेशाची किंमत एका संदेशापुरती मर्यादित राहत नाही. ११ दिवसांच्या कपाशीला सापळ्याचा सल्ला मिळालेला शेतकरी पुढील संदेश उघडून पाहण्याची शक्यता कमी होते. ऑगस्टअखेर त्याच्या शेतात खरोखर पतंग दिसू लागतात, तेव्हा आलेला इशारा न वाचताच राहतो. विस्तार कार्यकर्त्याने अनेक वर्षांच्या भेटींतून मिळविलेला विश्वास अशा रीतीने एका हंगामात खर्ची पडू शकतो.

म्हणून लागवडीची तारीख हा मालिकेचा आरंभबिंदू मानावा. ती मिळाल्याशिवाय पिकाची मालिका सुरूच करू नये. तारीख मिळविण्यासाठी एक छोटी प्राथमिक मालिका पुरेशी असते. ‘आपण कपाशीची लागवड केली काय? झाली असल्यास तारीख कळवावी’ असा प्रश्न पहिल्या पेरणीयोग्य पावसानंतर विचारावा आणि उत्तर न आल्यास आठवड्याने पुन्हा विचारावा. दोनदा विचारूनही उत्तर आले नाही, तर त्या शेतकऱ्याचे नाव गावातील कृषी मित्राकडे किंवा कंपनीच्या प्रतिनिधीकडे सोपवावे. अंदाजाने तारीख भरून मालिका पुढे रेटणे टाळावे.

विलंबाचे चार प्रकार

बहुतेक साधनांत विलंबाचे चार प्रकार उपलब्ध असतात. त्यांचे नाव प्रत्येक साधनात वेगळे असले, तरी कार्य सारखेच असते.

पहिला प्रकार निश्चित मुदतीचा. एखाद्या घटनेनंतर ठरावीक तास किंवा दिवस थांबणे, हे त्याचे स्वरूप. जैविक घड्याळ जेथे पक्के असते, तेथे तो उत्तम चालतो. गायीचे कृत्रिम रेतन झाल्यावर १८ ते २१ दिवसांनी माज पुन्हा दिसतो का, हे पाहण्याची आठवण द्यावी. गर्भतपासणीची आठवण ६० ते ९० दिवसांच्या दरम्यान द्यावी. गायीचा गाभण काळ सुमारे २८० दिवसांचा आणि म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा असतो. विण्यापूर्वी ६० दिवस जनावर आटविण्याचा सल्ला गायीसाठी सुमारे २२० व्या दिवशी आणि म्हशीसाठी सुमारे २५० व्या दिवशी जायला हवा. दोन्ही जनावरांना एकच मालिका लावल्यास म्हैस महिनाभर आधीच आटविली जाईल आणि तेवढे दूध बुडेल. फवारणी आणि काढणी यांमधील प्रतीक्षा काळही याच प्रकारात मोडतो. औषधाच्या लेबलवर दिलेली मुदत ही किमान मर्यादा असून विक्रीच्या घाईपोटी तीत एका दिवसाचीही कपात करता येत नाही.

दुसरा प्रकार ठरावीक वारापर्यंत किंवा तारखेपर्यंत थांबण्याचा. ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत कृषी हवामान सल्ला पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी प्रसिद्ध होतात. फवारणी, खत किंवा काढणीविषयीचा संदेश ‘पुढील मंगळवार किंवा शुक्रवार सायंकाळपर्यंत थांबा’ अशा विलंबावर ठेवला, तर त्यात ताजा हवामान अंदाज जोडता येतो. विक्रीच्या संदेशासाठी आठवडी बाजाराचा आदला दिवस सोयीचा ठरतो, कारण शेतकरी दुसऱ्या दिवशी गावाबाहेर पडणारच असतो.

तिसरा प्रकार वेळेच्या खिडकीचा. विलंब कोणत्याही क्षणी संपला, तरी संदेश ठरलेल्या तासांतच जावा, अशी ही व्यवस्था असते. दुपारी शेतात हात मातीत असताना आलेला ध्वनिसंदेश बहुधा ऐकला जात नाही. कृषिपंपाला रात्रपाळीने वीज असलेल्या भागात रात्रभर पाणी देऊन झोपलेल्या शेतकऱ्याला पहाटेचा संदेश त्रासदायक होतो. योग्य वेळ गावागणिक वेगळी असल्याने ती सभासदांना विचारून ठरवावी. किसान कॉल सेंटर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत सुरू असते. शंका आल्यास शेतकऱ्याला लगेच विचारता यावे, या दृष्टीनेही संदेश या वेळेच्या आत पोहोचणे हिताचे.

चौथा प्रकार घटना घडेपर्यंत थांबण्याचा. वाफशाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रकार हाच. कांदा काढणीचा सल्ला दिवस मोजून देण्यापेक्षा ‘निम्म्या पाती पडल्या’ असे शेतकऱ्याने कळविल्यावर देणे अधिक योग्य असते. परंतु या प्रकारात एक धोका आहे. घटनेची नोंद आलीच नाही, तर मालिका कायमची अडकून राहते. म्हणून अशा प्रत्येक प्रतीक्षेला एक बाह्य मर्यादा जोडावी. ‘नोंद येईपर्यंत थांबा, परंतु अमुक दिवसांत नोंद न आल्यास विचारणा करा’ अशी ती असावी. मर्यादा संपल्यावर सल्ला आपोआप पाठविण्याऐवजी प्रश्न पाठवावा. नोंद न येण्याचा अर्थ घटना घडली असा होत नाही, तसेच ती घडली नाही असाही होत नाही.

कपाशीसाठी एक नमुना

चारही प्रकार एकत्र कसे वापरता येतील, हे कोरडवाहू कपाशीच्या नमुना मालिकेवरून स्पष्ट होईल. दिवसांचे आकडे लागवडीपासून मोजलेले असून स्थानिक शिफारशीप्रमाणे कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने त्यांत बदल करावा.

१. तारीख कळताच : नोंदविलेली तारीख शेतकऱ्याला परत कळवावी आणि चूक असल्यास दुरुस्तीची सोय द्यावी. पुढील सर्व टप्पे याच तारखेवर उभे असल्याने ही पडताळणी वगळू नये.

२. आठवा दिवस : उगवण पाहून नांग्या भरण्याची आठवण द्यावी. त्याच संदेशात दुबार पेरणी करावी लागली आहे काय, हे विचारावे. उत्तर होकारार्थी आल्यास जुनी मालिका तेथेच थांबवून नव्या तारखेपासून नवी मालिका सुरू करावी. पावसाच्या खंडामुळे दुबार पेरणी होणाऱ्या वर्षी हा एक प्रश्न संपूर्ण मालिका वाचवितो.

३. तिसावा दिवस : नत्राचा हप्ता. येथे केवळ दिवस पुरेसे नाहीत. जमिनीत ओल नसताना दिलेले खत वाया जाते. म्हणून ३० व्या दिवशी ‘शेतात पुरेशी ओल आहे काय?’ असा प्रश्न जावा. होकार आल्यास खताचा सल्ला लगेच द्यावा, नकार आल्यास पुढील मंगळवार किंवा शुक्रवारपर्यंत थांबून पुन्हा विचारावे.

४. अडतिसावा दिवस : कंपनीच्या विक्री केंद्रात कामगंध सापळे आणि गंधगोळ्या उपलब्ध असल्याचा संदेश. विपणनाचा हा टप्पा सल्ल्याच्या आठवडाभर आधी येतो, कारण सापळा आणण्यास शेतकऱ्याला एखादा आठवडी बाजार मिळायला हवा. संदेश निघण्यापूर्वी गोदामातील साठ्याची अट तपासली जावी. साठा नसताना गेलेला विक्रीचा संदेश शेतकऱ्याला हेलपाटा घडवितो.

५. पंचेचाळिसावा दिवस : निरीक्षणासाठी हेक्टरी ५ सापळे लावण्याचा सल्ला. ज्याने सापळे नेल्याची नोंद आहे, त्याला लावण्याची पद्धत पाठवावी. ज्याने नेलेले नाहीत, त्याला आधी उपलब्धतेची आठवण द्यावी.

६. त्यानंतर दर आठवड्याला : सापळ्यातील पतंगांची संख्या आणि डोमकळ्यांविषयी विचारणा. सलग तीन रात्री प्रतिसापळा ८ पतंग आढळणे, अथवा १० टक्के फुले किंवा बोंडे प्रादुर्भावग्रस्त असणे, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. ही पातळी गाठल्याची नोंद येताच कोणताही विलंब न ठेवता व्यवस्थापनाचा सल्ला जावा. पातळी गाठली नसल्यास फवारणीचा संदेश जाऊच नये. ‘इतक्या दिवसांनी फवारणी’ असा केवळ मुदतीवर चालणारा टप्पा या मालिकेत कोठेही नसावा.

७. डिसेंबर : फरदड न घेता पीक संपविण्याचा सल्ला. येथे मात्र लागवडीपासूनचे दिवस न मोजता कॅलेंडरची तारीख धरावी. बोंडअळीचे जीवनचक्र खंडित व्हावे यासाठी परिसरातील सर्वांनी एकाच सुमारास शेत मोकळे करणे आवश्यक असते, म्हणून हा संदेश सर्वांना एकाच वेळी मिळणे योग्य.

सहाव्या टप्प्यात संदेशांचा क्रमही महत्त्वाचा आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीदरम्यान विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले. औषधाची शिफारस आज आणि हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याची दिशा यांविषयीचा संदेश दोन दिवसांनी, अशी रचना कागदावर नीटनेटकी दिसली, तरी तोवर फवारणी उरकलेली असते. सुरक्षिततेचा संदेश शिफारशीच्या आधी किंवा तिच्यासोबतच जावा. या दोहोंमध्ये विलंबाला जागा नाही.

ग्राहकांसाठीची मालिका : हापूसचे उदाहरण

थेट विक्री करणाऱ्या उत्पादकांना ग्राहकांसाठीही अशाच मालिका उभाराव्या लागतात. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बागेतून थेट पेट्या पाठविणाऱ्या बागायतदारांचे ग्राहक मुंबई-पुण्याबरोबरच बंगळूरु, इंदूर, वडोदरा अशा शहरांतही असतात.

येथे नेहमी होणारी चूक म्हणजे मागणीच्या दिवसापासून दिवस मोजणे. ‘मागणीनंतर ७ दिवसांनी अभिप्राय मागा’ असा विलंब ठेवल्यास काही ग्राहकांना पेटी मिळण्यापूर्वीच ‘आंबे कसे वाटले?’ असा प्रश्न जातो. चौदा आणे पक्वतेला काढलेला हापूस आढीत पिकण्यास हवामानानुसार साधारण ८ ते १० दिवस घेतो. त्यामुळे फळाचे घड्याळ तोडणीच्या दिवशी सुरू होते. तोडणीची तारीख पेटीवर आणि यंत्रणेत, दोन्ही ठिकाणी नोंदवावी.

मग मालिका पुढीलप्रमाणे आखता येते. पेटी रवाना होताच पोहोचण्याच्या अपेक्षित दिवसाची सूचना द्यावी. पेटी पोहोचल्याची नोंद आल्यावर फळे गवतात किंवा कागदावर कशी मांडावीत आणि फ्रिजमध्ये का ठेवू नयेत, हे कळवावे. तोडणीपासून आठव्या दिवशी रंग, वास आणि मऊपणा तपासण्याची आठवण द्यावी. अभिप्रायाची विनंती तोडणीपासून सुमारे बाराव्या दिवशी करावी, तीही तक्रार न केलेल्या ग्राहकांनाच. ज्याने डागी फळांचे छायाचित्र पाठविले आहे, त्याला दुसऱ्या दिवशी ‘पुन्हा मागणी नोंदवा’ असा संदेश जाणे हे ग्राहक गमावण्याचे खात्रीचे साधन होय. तक्रार येताच त्याची मालिका थांबावी आणि पुढचा संवाद माणसाने करावा.

पुढील वर्षीच्या नोंदणीसाठी ‘३०० दिवसांनी’ असा विलंब ठेवण्याचा मोह टाळावा. मोहोर उशिरा आला की हंगाम पुढे सरकतो. बागायतदाराने ‘पहिली तोडणी निश्चित’ अशी नोंद केल्यावरच जुन्या ग्राहकांना संदेश जावा, म्हणजे बागेत नसलेल्या फळाचे आश्वासन दिले जाणार नाही.

तांत्रिक दक्षता

यंत्रणा सुरू करण्यापूर्वी काही बाबी अवश्य तपासाव्यात.

घड्याळ : अनेक साधनांची मूळ वेळ ग्रिनिचची असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. सेटिंग न बदलता सकाळी ७ ची वेळ भरल्यास संदेश दुपारी १२.३० वाजता निघतो.

दिवसाचा अर्थ : काही साधने ‘१ दिवस’ म्हणजे नेमके २४ तास धरतात, काही पुढची तारीख धरतात. रात्री ११ वाजता नोंद झालेल्या शेतकऱ्याचा ‘एका दिवसानंतरचा’ संदेश पहिल्या पद्धतीत दुसऱ्या रात्री ११ वाजता निघेल. वेळेची खिडकी जोडल्याने हा दोष दूर होतो.

अट आणि विलंब यांचा क्रम : अट विलंबापूर्वी तपासली, तर मधल्या काळातील बदल यंत्रणेला कळत नाही. आधी थांबावे, नंतर वेळेची खिडकी पाहावी आणि पाठविण्याच्या अगदी आधी अट तपासावी. सापळे कालच विकत घेतलेल्याला आज खरेदीची आठवण जाणे हा उलट क्रमाचाच परिणाम असतो.

उशिरा आलेली नोंद : लागवडीनंतर ५० दिवसांनी नाव नोंदविणाऱ्याच्या बाबतीत आधीच्या टप्प्यांच्या तारखा उलटून गेलेल्या असतात. काही साधने असे सर्व संदेश एकदम पाठवितात. प्रत्येक संदेशाला वैधतेची मुदत द्यावी आणि ती उलटली असल्यास तो वगळावा.

बाहेर पडण्याचा नियम : रेतनानंतर २१ दिवसांनी गाय पुन्हा माजावर आली, तर जुनी मालिका बंद होऊन नव्या रेतनापासून नवी सुरू व्हायला हवी. तसे न झाल्यास एकाच गायीसाठी विण्याच्या दोन तारखा येतात आणि पशुपालकाचा दोन्हींवरचा विश्वास उडतो.

मालिकांची गर्दी : कपाशी, तूर आणि दोन दुभती जनावरे असलेल्या सभासदाला एकाच सकाळी चार संदेश जाऊ शकतात. एका व्यक्तीला दिवसाला किती संदेश जावेत, याची कमाल मर्यादा ठरवावी आणि ती ओलांडली जात असल्यास विक्रीचा संदेश मागे ठेवून तातडीचा सल्ला पुढे जाऊ द्यावा.

चाचणी : दिवसाऐवजी मिनिट हे एकक ठेवून मालिका स्वतःच्या क्रमांकावर चालवून पाहावी. १८० दिवसांची मालिका ३ तासांत पूर्ण होते. होकार, नकार आणि मौन या तिन्ही प्रतिसादांसाठी स्वतंत्र चाचणी घ्यावी. चाचणी संपल्यावर एकक पुन्हा दिवसावर आणण्यास विसरू नये.

नियमांची चौकट

विलंब ठरविताना माध्यमाचे नियमही लक्षात घ्यावे लागतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठविणाऱ्या संस्थेला स्वतःची, प्रेषक-नावाची आणि मजकुराच्या नमुन्यांची नोंदणी करावी लागते. हंगाम सुरू झाल्यावर नवा मजकूर सुचला, तरी त्याच्या मंजुरीला वेळ लागतो, म्हणून मालिकेतील सर्व मजकूर पेरणीपूर्वीच नोंदवून ठेवावेत. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेत ग्राहकाच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासांपर्यंत मुक्त उत्तर देता येते. त्यानंतर केवळ मंजूर नमुन्यातील संदेशच पाठविता येतो. मालिकेतील विलंब २४ तासांपेक्षा अधिक असल्यास त्यापुढील टप्पा मंजूर नमुन्याचाच असला पाहिजे, अन्यथा संदेश जाणार नाही. शेतकऱ्याची संमती घेणे आणि संदेश बंद करण्याचा सोपा मार्ग देणे, हेही तितकेच आवश्यक आहे.

थांबविण्याचा अधिकार

कितीही विचारपूर्वक आखलेली मालिका अतिवृष्टी, गारपीट किंवा पुराची कल्पना करू शकत नाही. शेत पाण्याखाली असताना खताच्या हप्त्याची आठवण देणारा संदेश शेतकऱ्याच्या जखमेवर मीठ चोळतो. म्हणून प्रत्येक मालिकेला तालुका किंवा गावनिहाय तात्पुरती थांबविण्याची सोय असावी आणि तो अधिकार कोणाकडे आहे, हे नावानिशी ठरलेले असावे. तांत्रिक कर्मचाऱ्यापेक्षा क्षेत्रावर फिरणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याकडे तो असणे इष्ट. मालिका पुन्हा सुरू करताना साचलेले संदेश एकदम न सोडता प्रत्येकाची वैधता तपासावी.

यासाठी एक साधे विलंबपत्रक उपयोगी पडते. प्रत्येक संदेशासमोर सहा रकाने असावेत : दिवस कोठून मोजायचे, किती थांबायचे, कोणत्या वेळेत पाठवायचे, कोणती अट तपासायची, संदेश केव्हा शिळा होतो आणि कोणत्या घटनेने मालिका थांबते. एखादा रकाना भरता येत नसेल, तर तो संदेश अद्याप स्वयंचलित करण्याजोगा झालेला नाही, असे समजावे आणि तोवर ते काम कार्यकर्त्याच्या भेटीकडे किंवा फोनकडे सोपवावे. खरीप हंगामासाठी हे पत्रक मेअखेर शास्त्रज्ञ, विस्तार कार्यकर्ते आणि दोन-चार अनुभवी शेतकरी यांनी एकत्र बसून भरावे. हंगाम संपल्यावर कोणत्या टप्प्याला उत्तरे आली आणि कोणत्या टप्प्याला आली नाहीत, हे त्याच पत्रकावर नोंदवून पुढील वर्षीचे विलंब त्यानुसार दुरुस्त करावेत.